पुण्याच्या पुस्तकातला सांडू

कमरोद्दीन: घशाला काय झालं म्हणता?

सदाशिव: बसलाय सकाळपासून. अदालतीत हाकिमांपुढं खटल्याची मिसल वाचतानासुद्धा आवाज फुटेना. म्हणून म्हणतो कमरुभाई, उद्याचं वाचन राहू द्या.

कमरोद्दीन: आत्ता तर चांगला फुटतोय.

सदाशिव: चार शब्दांपुरता. आणि ते पुस्तक द्या तेवढं. मागच्या जुम्म्याला इथंच विसरलो. त्या कोनाड्यात ठेवलं होतं, रुमालात बांधून.

कमरोद्दीन: बसा तर आधी. कारागीर घरी गेले. ती कैची सरकवा तिकडं.

सदाशिव: बसत नाही. कालिंदी वाट बघत असेल.

कमरोद्दीन: इतकी वर्षं अदालत सुटली की तुमी याच गादीवर येऊन टेकता. तवा भाभी वाट बघत नव्हत्या व्हय? बसा. आन् उद्याचं राहू द्या म्हणता, ते कसं राहू द्यायचं? तुमचे श्रीनिवासराव येणार, वाचनालयाचे चिटणीस. संगं पुण्याचे पाव्हणे. शहागंजात मुसलमान शिंपी मराठी कादंबरी ऐकतात, ते बघायला येणार. मी कोपऱ्यावरच्या बामणाच्या हॉटेलातनं कपबश्या सांगून ठेवल्यात. आमच्या कपातलं त्यांना चालंल, न चालंल.

सदाशिव: श्रीनिवासरावांना मी सांगतो. म्हणतो, सभेला परवानगी मिळाली नाही.

कमरोद्दीन: सभा कुठं हाय? वाचनालयात दहा माणसं बसली की पोलिसाला कागद द्यावा लागतो, शिंप्याच्या दुकानात बसली तर कोण विचारतो, असं तुमीच म्हणाला होता ना? त्याच्यासाठी तर हितं वाचायचं ठरलं.

सदाशिव: ठरलं होतं.

कमरोद्दीन: आन् इब्राहीम? तो तर घोकून बसलाय. पाव्हण्यांनी विचारलं, मियाँ, तुमाला या पुस्तकातलं काय आवडलं, तर म्हणणार, सांडू. कन्नडच्या घाटात सांडू दरोडेखोर घोड्यावरनं उडी मारतो ते. काज करताकरता पुटपुटतो, शिलाई वाकडी जाती त्याची.

सदाशिव: कमरुभाई, ऐका. वाचन झालंच, तर एक करा. कारागिरांना सांगा की कुणी बोलू नका. ऐका, मान हलवा, बस. विचारलं तर मी उत्तर देईन.

कमरोद्दीन: का बरं?

सदाशिव: पुण्याची माणसं आहेत. बोलणं शुद्ध लागतं त्यांना.

कमरोद्दीन: आमी बोललो तर तुमची अब्रू जाती?

सदाशिव: तसं नाही हो.

कमरोद्दीन: तसंच झालं की मग. बरं, जाऊ द्या. हे घ्या तुमचं पुस्तक. घसा हाय तेवढ्यात मला एकट्याला एक पान वाचून दाखवा. पोलीस मागं लागलेत, सांडू दार ठोठावतो, आन् वच्छलाबाई त्याला आत घेऊन भाकर देती. लई आवडतं ते मला.

सदाशिव: आत्ता?

कमरोद्दीन: एकच पान.

सदाशिव: बरं. हं. ‘वच्छलाबाईनं दाराची कडी काढली. बाहेर सांडू उभा होता, अंगावर रक्त. ती म्हणाली, रक्त धू आधी, मग जेव. पोलिसाला भाकर दिसत नाही, रक्त दिसतं.’

कमरोद्दीन: वाह. किती नंबरचं पान हे?

सदाशिव: पान? हे... एकशे बारा.

कमरोद्दीन: जाहेदा, बेटा, एकशे बारावर काय हाय गं?

जाहेदा: एकशे बारावर दिनकर खिडकीत उभा आहे, अब्बा. एकशे अकरावरही खिडकीतच उभा आहे.

सदाशिव: जाहेदा आत आहे?

कमरोद्दीन: तिचं घर हाय, जाईल कुठं? पडद्याआड बसून काजं करती.

सदाशिव: पण तिला मराठी कुठं...

कमरोद्दीन: विसरलात! तुमीच शिकवलंत. एवढीशी होती, तुमच्या मांडीला मांडी लावून बसायची. चिंधीवर खडूनं काढून द्यायचात. क कैचीचा, ग गजाचा.

सदाशिव: खरंच विसरलो होतो.

जाहेदा: मी नाही विसरले, काका.

सदाशिव: पान चुकलं असेल माझं. सांडू पुढं येतो.

जाहेदा: पुढं येत नाही. मी शेवटपर्यंत बघितलं. मग परत पहिल्यापासून बघितलं.

कमरोद्दीन: मलाच आधी कळायला पाहिजे होतं राव. सांडू! आपल्या सिल्लोड-कन्नडकडं घरटी एक सांडू असतो. पुण्यात असतो व्हय सांडू?

सदाशिव: नसावा.

कमरोद्दीन: मग आला कुठनं?

सदाशिव: माझ्या तोंडातून.

कमरोद्दीन: घाट?

सदाशिव: तोही.

कमरोद्दीन: वच्छलाबाई? तिचा भाऊ? तो पुरात वाहून गेलेला हवालदार?

सदाशिव: सगळं. ईदनंतरच्या जुम्म्यापासून एक ओळ वाचली नाही मी. पुस्तक समोर धरायचो, पानं उलटायचो आणि मनाला येईल ते सांगायचो.

कमरोद्दीन: इब्राहीम रडला होता त्या हवालदारासाठी.

सदाशिव: ठाऊक आहे. तेव्हा मला इतकं बरं वाटलं! आणि घरी जाताना तितकीच लाज वाटली. वाटेत ठरवायचो, पुढच्या जुम्म्याला खरं वाचायचं. इथं येऊन बसलो की तुम्ही सगळे सुया थांबवून तोंडाकडं बघायचात. मग सांडू यायचा.

कमरोद्दीन: पण कशापायी? तुमच्या अदालतीत कुणी खोटी जबानी दिली तर तुमचं तोंड कडू होतं. इथं बसून शिव्या देता त्याला.

सदाशिव: सांगतो. हसू नका. या दुकानात मी किती उर्दू पुस्तकं ऐकली असतील? तुमचा कारागीर कय्युम वाचायचा, तुमची मशीन चालायची, आणि मी मिसली, हाकिम, घर सगळं विसरायचो. एकदा तुम्ही विचारलंत, राव, तुमच्या मराठीत असं काही नाही का?

कमरोद्दीन: सहज विचारलं होतं.

सदाशिव: तुम्ही सहज विचारलंत, मला ते झोंबलं. माझं सगळं शिक्षण उर्दूत. सहीसुद्धा उर्दूत करतो. मेव्हण्याच्या लग्नाला पुण्याला गेलो, तर तिथली पोरं माझं बोलणं ऐकून तोंडाला रुमाल लावत होती. मोगलाईतले पाहुणे म्हणत होती. आणि मग ही कादंबरी निघाली. पुण्याची वर्तमानपत्रं काढा, मुंबईची काढा, जो तो म्हणतो, मराठीत असं झालं नाही. आपल्या श्रीनिवासरावांनी भाषणात सांगितलं, ज्याला ही आवडणार नाही त्याला मराठी येत नाही असं खुशाल समजा. मी टाळ्या वाजवल्या. वाचली नव्हती अजून.

कमरोद्दीन: न वाचताच?

सदाशिव: सगळेच वाजवत होते. वाचनालयात प्रत एकच, माझ्याआधी कितीतरी जण थांबलेले. मी म्हटलं, मला आधी द्या, शहागंजातल्या कारागिरांना ऐकवायचीय. लगेच दिली. वर पाठ थोपटली.

कमरोद्दीन: मग वाचली?

सदाशिव: घरी वाचायला घेतली. वाटलं, थकलोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, दिवा बारीक आहे. कालिंदीला म्हटलं, वात वाढव. वात वाढवली तरी तेच. दिनकर खिडकीत.

कमरोद्दीन: म्हंजे आवडली नाय.

सदाशिव: असं म्हणायची छाती कुणाची होती? अख्खं पुणं डोक्यावर घेऊन नाचतंय आणि औरंगाबादच्या अदालतीतला एक पेशकार म्हणणार, आवडली नाही? मला वाटलं, माझंच मराठी कच्चं. उर्दू पुस्तकं ऐकून कान बिघडले. पोरं हसली ते बरोबरच होतं. कालिंदीनं विचारलं, कशी आहे? म्हटलं, फार मोठी आहे. खोटं नव्हतं ते, जाडजूड आहेच.

कमरोद्दीन: मग आमच्याकडं कशाला आणलीत?

सदाशिव: सांगून बसलो होतो ना सगळ्यांना. आणि एक आशा होती, मोठ्यानं वाचली तर गोडी लागेल. पहिल्या जुम्म्याला इथं बसून वाचायला लागलो आणि बघतो तर इब्राहीम पेंगतोय. कय्युमची हनुवटी छातीला टेकलेली. तुम्ही वाहवा म्हणालात, तेही डोळे मिटून. पुढच्या जुम्म्याला पुन्हा तेच. मला तोंड कुठं लपवू असं झालं. म्हटलं, हे मनात काय म्हणत असतील? हीच का यांची मराठी? एवढ्यासाठी नाचत होता का हा माणूस?

कमरोद्दीन: राव, महिना कोणता होता?

सदाशिव: महिना?

कमरोद्दीन: तुमी पुस्तक घेऊन आलात तो महिना.

सदाशिव: रमजान.

कमरोद्दीन: रमजान! त्यातले आखरी जुम्मे. दिवसभर रोजा, ईदच्या शेरवान्यांचा ढीग, रात्रभर मशीन, पहाटे सहरी. दुपारची नमाज पढून आलो की आमी उभ्याउभ्या झोपतो. त्या वक्ताला खुद्द फरिश्ता येऊन काही वाचता, तरी इब्राहीम पेंगलाच असता.

सदाशिव: रमजान होता.

कमरोद्दीन: रोज संध्याकाळी आमच्यासंगं बसून खजूर खात होता तुमी!

सदाशिव: खात होतो. आणि तरी हे डोक्यात आलं नाही. स्वतःच्या लाजेत इतका गुरफटलो होतो की समोरचा माणूस उपाशी आहे, झोपेला आलाय, हे मला दिसलं नाही. शरम वाटते कमरुभाई.

कमरोद्दीन: माझं बी चुकलं. ईदनंतर सुरू करा म्हणायला पाहिजे होतं. पण तुमी एवढ्या हौसेनं आलात, धुतलेलं धोतर, नवी टोपी. नाय म्हणवेना. आन् मी डोळे मिटले होते, झोपलो नव्हतो.

सदाशिव: राहू द्या. मला बरं वाटावं म्हणून नका बोलू.

कमरोद्दीन: अल्लाची कसम. त्या पुस्तकात बाप बिमार हाय. पोरगा परगावाहून येतो, खाटेपाशी बसतो. बापाला काही बोलायचंय, पोराला बी बोलायचंय, आन् दोघं गप. बाप म्हणतो, खिडकी लाव, वारं येतंय. बस. एवढंच बोलतो. मला माझे वालिद आठवले. ईदनंतर मी वाट बघत होतो, आता त्या बापाचं काय होणार? तर एकदम घोडे, दरोडे, तलवारी! मी म्हटलं, बाप कुठं गेला?

सदाशिव: मग विचारलं का नाहीत?

कमरोद्दीन: विचारणार कसं? वाटलं, मधेच माझा डोळा लागला असंल आन् तेवढ्यात बाप मेला असंल. तुमी एवढा जीव लावून वाचता आन् मी झोपलो म्हणून सांगू?

सदाशिव: म्हणजे तुम्हाला ती आवडत होती, आणि मी ती तुमच्या हातातून काढून घेतली.

कमरोद्दीन: तेवढा बाप आवडला होता. सांडू बी आवडला, खोटं का बोलू?

सदाशिव: चुकलं माझं. माफ करा, अगर करू नका. पण उद्याचं काय ते सांगा. इब्राहीमनं सांडूचं नाव घेतलं की पाव्हणे विचारणार, कोण सांडू? श्रीनिवासराव माझ्याकडं बघणार.

कमरोद्दीन: उद्याची फिकीर मला नाय. माझ्यापुरतं म्हणाल तर मी हसून सोडून दिलं असतं. पडद्यामागं बसलीय, तिचं काय?

जाहेदा: अब्बा, नको.

कमरोद्दीन: सांग. कळू दे त्यांना.

जाहेदा: जाऊ द्या ना. झालं ते झालं.

सदाशिव: काय झालं जाहेदा?

जाहेदा: मी मुलींच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते, तुम्हाला माहीत आहे. तिथं मराठीच्या बाई नाहीत. मोठ्या बाई, सगीराआपा, म्हणाल्या, तुला मराठी वाचता येतं, तूच घे तो तास. पगारही वाढणार होता. मी हो म्हटलं होतं.

सदाशिव: मग चांगलंच आहे की.

जाहेदा: मग तुम्ही पुस्तक विसरलात. मला वाटलं, सराव होईल. आणि सांडू पकडला जातो की सुटतो, तेही शुक्रवारच्या आधी कळेल. अम्मी रोज विचारते. मी उघडलं. सांडू सापडेना. म्हटलं, पानं निसटली माझ्याकडून. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. घाट नाही. वच्छलाबाई नाही. काका, मला वाटलं, मला वाचताच येत नाही.

सदाशिव: अगं...

जाहेदा: तुमच्या हातात हेच पुस्तक असतं तेव्हा त्यातून घोडे निघतात. इब्राहीमचाचा रडतात. माझ्या हातात तेच पुस्तक, आणि त्यातून काहीच निघत नाही. मग चूक कुणाची म्हणू? तुमची कशी म्हणू? मला वाटलं, चिंधीवर खडूनं शिकले ते खेळातलं मराठी होतं. खरं मराठी निराळं असतं, शिकलेल्यांना दिसतं, मला नाही दिसत.

सदाशिव: आपांना काय सांगितलंस तू?

जाहेदा: सांगितलं की मला मराठी येत नाही. आधी येतं म्हटलं ते खोटं होतं. बाकीच्या बाया माझ्याकडं बघत होत्या.

कमरोद्दीन: काल सांगून आली. आल्यापास्नं जेवण नाय. खोदून खोदून विचारलं तवा म्हणाली, अब्बा, मला पुस्तकात सांडू दिसत नाय. मी म्हटलं, आण इकडं. मला कुठं तुमचं अक्षर येतं? म्हटलं, सांडू कसा लिहितात ते खडूनं काढून दाव. तिनं पाटीवर काढलं. मग मी आन् तिची अम्मी गौहर, दोघं कंदील घेऊन बसलो. ते चित्र कुठं दिसतंय का, पान पान बघितलं. गौहरला मधेच एक दिसलं, ती ओरडली, मिळाला! जाहेदानं वाचलं, तर ते सांडलं होतं. पाणी सांडलं. शेवटच्या पानापर्यंत गेलो राव. तवा मी पोरीला म्हटलं, तुझी चूक नाय. काका कायतरी दुसरंच वाचत होते.

सदाशिव: तुम्ही दोघं कंदील घेऊन सांडूला शोधत होता.

कमरोद्दीन: मग काय करणार? तुमी खोटं बोलाल हे आधी डोक्यातच आलं नाय.

सदाशिव: यापेक्षा तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमरोद्दीन: द्यायच्या होत्या. सकाळपास्नं तयार ठेवल्या होत्या. तुमी घसा धरून आत आलात आन् माझ्यानं काही निघंना.

सदाशिव: जाहेदा, मी सगीराआपांना भेटतो. उद्या जुम्म्याची सुट्टी. शनिवारी शाळा उघडली की येतो.

जाहेदा: आपा परक्या पुरुषांना भेटत नाहीत.

कमरोद्दीन: दारात बांबूची चिक सोडलेली असती, पडद्यासारखी. बाहेर बाकड्यावर बसा आन् मोठ्यानं बोला. आत ऐकू जातं.

जाहेदा: अब्बा, सगळ्या वर्गांना ऐकू जातं ते.

सदाशिव: जाऊ दे. सांगीन, या मुलीला मराठी येतं, मीच शिकवलंय. खोटं ती बोलली नाही, मी बोललो. तास अजून आहे का पण?

जाहेदा: छावणीतल्या एका बाईंना विचारलंय म्हणे. त्या हो म्हणाल्या की नाही, ठाऊक नाही.

सदाशिव: म्हणाल्या असतील तर?

जाहेदा: तर गेला.

कमरोद्दीन: आन् उद्याचं ऐका आता. उद्या वाचन होणार. तुमी नाय वाचायचं. जाहेदा वाचणार, इथनंच, पडद्याआडनं. पुस्तकात जे हाय ते.

जाहेदा: पुण्याच्या पाहुण्यांसमोर? मी नाही वाचणार. हसतील ते.

सदाशिव: हसणार नाहीत.

जाहेदा: तुम्हाला हसले होते ना?

सदाशिव: हो. मला हसले होते. खरंय. पण तू आत्ता वाच बरं थोडं. मी ऐकतो. हे घे, कमरुभाई, आत द्या पुस्तक.

कमरोद्दीन: आन् इब्राहीमला गप बसवायचं का उद्या?

सदाशिव: नाही. त्याला सांडू म्हणायचं असेल तर म्हणू द्या. तो कुठून आला ते मी सांगेन.

(पडद्याआड पानं चाळल्याचा आवाज. मग जाहेदा सावकाश वाचू लागते.)

जाहेदा: ‘दिनकर वातायनापाशी उभा राहिला. अस्ताचलावर रेंगाळणाऱ्या रविकिरणांत त्याच्या अंतःकरणातील विषण्णता जणू अधिकच गडद होत होती. आपण येथे का आलो, हा प्रश्न त्याने स्वतःस पुनःपुन्हा विचारला. परंतु उत्तर मिळेना. किती वेळ लोटला याचे त्यास भान उरले नाही. तो उभाच राहिला.’ पुढं वाचू?

सदाशिव: थांब.

जाहेदा: काय चुकलं?

सदाशिव: काही चुकलं नाही. एक अक्षर चुकलं नाही. मी ‘विषण्णता’ला दोनदा अडखळलो होतो. तू अडखळली नाहीस.

जाहेदा: मला त्याचा अर्थ येत नाही, म्हणून सरळ वाचून टाकलं.

कमरोद्दीन: बघा! मी काय म्हणत होतो? येतं तिला. बाजारातल्या कुणालाबी तिच्यापुढं उभं करा.

जाहेदा: काका, एक विचारू?

सदाशिव: विचार.

जाहेदा: मला वाचता येतं असं तुम्ही म्हणता. मग मला हे आवडत का नाही?

कमरोद्दीन: जाहेदा! एवढं मोठं पुस्तक, सगळ्या मुलखानं वाखाणलेलं.

जाहेदा: म्हणूनच विचारते, अब्बा. बापाचं तुम्हाला आवडलं, तेवढं मलाही आवडलं. पण बाकी सगळं... काका, त्यात कुणी जेवत नाही. एवढ्या पानांत एकदाही कुणाला भूक लागत नाही. सगळे उभे असतात आणि उसासे टाकतात. दिनकरची बायको आहे की नाही, तेसुद्धा मला निम्म्यात कळलं.

कमरोद्दीन: कुणी जेवत नाय? मग रमजानमधे वाचलं तेच बरं केलं की!

जाहेदा: तुम्ही हसता, अब्बा. मी खरंच विचारते. माझंच काही कमी आहे का? मुलींना शिकवायला बसले आणि एखादीनं विचारलं, बाई, हे चांगलं का म्हणतात, तर मी काय सांगू?

सदाशिव: तुझं काही कमी नाही.

जाहेदा: मग?

सदाशिव: मलाही ती आवडली नाही.

जाहेदा: मराठी कच्चं म्हणून?

सदाशिव: नाही. आवडली नाही म्हणून आवडली नाही. कंटाळा आला मला. पहिल्या पानापासून आला. आज पहिल्यांदा बोलतोय हे तोंडानं. कालिंदीशीसुद्धा बोललो नव्हतो.

कमरोद्दीन: एवढं सोपं होतं व्हय बोलायला?

सदाशिव: मधे पडदा आहे म्हणून सोपं गेलं असेल.

जाहेदा: उद्या पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगाल?

सदाशिव: त्यांना?

जाहेदा: ते विचारणारच. एवढ्या लांबून त्यासाठीच येतायत. तुम्ही छान आहे, मोठी आहे म्हणालात, तर मी इथं आत ऐकत असेन. मग मला परत वाटेल की माझंच चुकतंय.

सदाशिव: श्रीनिवासराव समोर असतील. वाचनालयातले सगळे असतील.

जाहेदा: असतील.

कमरोद्दीन: मी बी असंन की.

सदाशिव: म्हणेन, आवडली नाही. मान वर होईल की नाही, सांगता येत नाही. खाली घालूनच म्हणेन बहुतेक. पण म्हणेन.